शुक्रवारचा दरबार

कुरुंदवाड,
१० जानेवारी २०२४

प्रिय सौंदा,

पत्र बघून तू आधी हसशील. कॉलेजची तीन वर्षं आपण एका खोलीत काढली, तेव्हा शेजारच्या खाटेवरून सुद्धा एकमेकींना मेसेज करायचो. आणि आता मी वहीचा कागद फाडून तुला पत्र लिहितेय. माझा फोन दिवाळीपासून सासूबाईंच्या कपाटात आहे. का, ते सांगायला बसले तर कागद पुरायचा नाही. धैर्यशीलच्या फोनवर तुझा फोन आला तेव्हा त्या शेजारीच बसल्या होत्या, म्हणून मी नुसतं 'बरी हाय, बरी हाय' करत राहिले. रागावू नको.

हे पत्र बायडाबाईंकडं देतेय. तुमच्या गल्लीतल्या त्या कासारीण, दर शुक्रवारी इकडं बांगड्या भरायला येतात. उत्तर त्यांच्याच हाती दे, दुसऱ्या कुणाच्या नको. त्यांना वाचता येत नाही आणि नको ते विचारायची सवयही नाही.

एक काम आहे. आपला तो 'गावदेव' गेम आठवतो का? आपण एका गावाचा देव व्हायचो. देवळाच्या पायरीवर कुणीतरी गाऱ्हाणं घेऊन यायचं, खाली दोन उत्तरं दिसायची आणि त्यातलं एक निवडायचं. गावाला आपण कोंबडवाडी नाव ठेवलं होतं. माझा देव चार दिवसांत बुडायचा आणि तुझा पिढ्यान्‌पिढ्या टिकायचा. ते तू कसं जमवायचीस, मला सगळं लिहून पाठव. कुणाला हो म्हणायचं, कुणाला नाही, आणि दोन्ही म्हणता येत नसेल तेव्हा काय करायचं.

फोन नसताना गेम कुठं खेळणार, असं म्हणशील. मनातल्या मनात खेळते असं समज. इथं दिवस फार मोठा असतो.

तुझी,
स्वप्नाली


जयसिंगपूर,
१६ जानेवारी २०२४

स्वप्ने,

हसले तर हसलेच, पण नंतर पत्र दोनदा वाचलं. लग्नाला दोन वर्षं झाली आणि सासूनं फोन काढून घेतला, हे काय लक्षण आहे? आमच्या अव्वाला सांगितलं तर ती म्हणाली, नव्या सुनेला थोडं असतंच. मी म्हटलं, दोन वर्षांची सून नवी कशी?

बायडाबाई म्हणत होत्या की तुमच्या घरी देवीचं काहीतरी असतं, शुक्रवारी लई गर्दी असते. तुझ्या सासूबाईंच्या अंगात येतं का? लिही. मला असलं ऐकायला आवडतं.

आता तुझं काम. कोंबडवाडी माझ्या फोनवर अजून जिवंत आहे. दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी काउंटरखाली तेच करत असते आणि भाऊ म्हणून आमचा शिवशरण ओरडत असतो.

तुझी चूक काय व्हायची सांगू? तुला सगळ्यांना खूश करायचं असायचं. पहिल्याच दिवशी पाऊस मागितला की पाऊस, पोर मागितलं की पोर. एकदा चमत्कार केला की दुसऱ्या दिवशी पायरीवर दुप्पट माणसं येतात, आणि ती आभार मानायला येत नाहीत, मागायला येतात. म्हणून सुरुवातीला हात आखडता ठेवायचा. वर चार घडे दिसतात ना, श्रद्धा, भीती, धान्य आणि माणसं, ते चारही अर्धेच ठेवायचे. रिकामा घडा वाईट हे सगळ्यांना कळतं, पण भरलेला तितकाच वाईट असतो. श्रद्धा काठोकाठ भरली की गाव देवाभोवती दगडी गाभारा बांधतं, दार चिणून टाकतं आणि खेळ खलास. तू बहुतेक वेळा तशीच मरायचीस.

पुजाऱ्यावर लक्ष ठेव. देव काय बोलला ते गावाला तोच सांगतो. त्याला डोक्यावर बसवायचं नाही आणि दुखवायचंही नाही.

आणि दोन्ही उत्तरं वाईट असतील तेव्हाची माझी खास युक्ती. मुदत घालायची. 'पाच शुक्रवार ये' म्हणायचं. माणूस पाच वेळा येतो, श्रद्धा हलत नाही, आणि तेवढ्यात त्याचं गाऱ्हाणं बहुतेक आपोआप मिटतं. न मिटलं तर त्याला वाटतं, आपल्याच भक्तीत काहीतरी कमी पडलं. माझा देव ह्या एका युक्तीवर टिकलाय.

संक्रांतीचा तिळगूळ बायडाबाईंकडं दिलाय. पोचला का लिही.

तुझी सौंदर्या


कुरुंदवाड,
८ फेब्रुवारी २०२४

प्रिय सौंदा,

तिळगूळ पोचला. आधी तुझा समज दुरुस्त करते. अंगात सासूबाईंच्या येत नाही. माझ्या येतं, असं सगळ्यांचं म्हणणं आहे.

नवरात्रात मी उपास धरले होते. आरतीला उभी असताना डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मी पडले. त्या दिवशी गल्लीतले ज्ञानू आजोबा हरवले होते. त्यांना ऐकू येत नाही, नीट चालवतही नाही, आणि सगळे त्यांना नदीकडं शोधत होते. मी मात्र त्यांना सकाळी पाटलांच्या विहिरीकडं जाताना बघितलं होतं. दोघातिघांना सांगितलं, पण सुनेचं कोण ऐकतंय? शुद्धीवर येताना माझ्या तोंडातून तेच निघालं, 'विहिरीकडं बघा.' लोक पळाले. आजोबा विहिरीच्या कट्ट्याला टेकून बसलेले सापडले.

परत आले ते माझ्या पाया पडायलाच. मी म्हणत होते, 'अहो, मी त्यास्नी जाताना बघितलंय.' सासूबाई म्हणाल्या, 'व्हय आई, तू समदं बघतीस.'

तेव्हापासून शुक्रवारी दरबार भरतो. हलगी वाजते, मला पाटावर बसवतात. मी बोलेन ते सासूबाई लोकांना समजावून सांगतात. फोन देवीला चालत नाही. सव्वा वर्ष देवीनं उंबरा ओलांडायचा नाही. कुणी मला नावानं हाक मारत नाही, नवरा असून धैर्यशीलसुद्धा चारचौघांत 'आई' म्हणतो. खोलीत दोघंच असलो की म्हणतो, 'थोडी कळ काढ. आईला वडलांच्या मागं पहिल्यांदा कोण तरी इचारतंय.' ते खरं आहे. सासरे गेल्यावर ह्या गल्लीत सासूबाईंना कुणी हळदीकुंकवाला बोलवत नव्हतं. आता सगळं कुरुंदवाड 'चिमणाबाई, चिमणाबाई' करतं. त्या ढोंग करत नाहीत, सौंदा. त्यांचा खरोखर विश्वास आहे. म्हणून तर त्यांच्याशी भांडता येत नाही.

आता कळलं ना, तुझ्या युक्त्या मला कशाला हव्या होत्या? खोटं नाही बोलत, त्या लागू पडतात. एका माणसाला पोरीची शाळा बंद करायची होती. मी भीतीचा घडा वापरला, पोरगी शाळेत गेली. एका सुनेला माहेरी धाडायचं चाललं होतं, मी मुदत घातली आणि आता तिथं नांदतायत. त्या दोन्ही शुक्रवारी मला मनातून बरं वाटलं, हेही लिहून टाकते.

पण अंबूबाई म्हणून एक बाई येते. एकटीच असते, पलीकडच्या गल्लीत शेवया करून विकते. तिच्या छातीत गाठ आहे. माझा हात धरून तिनं ती मला दाखवली. 'आई, दवाखान्यात जाऊ का तुझ्यापाशी येऊ?' सासूबाई बघत होत्या, सगळं अंगण बघत होतं. मी म्हणून गेले, 'पाच शुक्रवार ये.'

ती येतेय. अंगारा लावते आणि हसून जाते.

ह्यातून बाहेर कसं पडायचं? तुझ्या गेममध्ये देव सुटतो का कधी?

स्वप्नाली


जयसिंगपूर,
१४ फेब्रुवारी २०२४

स्वप्नाली,

मला एक सांगायचंय. मला हे आधीच माहीत होतं.

तुझं पहिलं पत्र आलं त्याच्याही आधी, डिसेंबरात, अव्वा मला घेऊन तुमच्याकडं आली होती. पोरीचं लग्न जमत नाही म्हणून. कुरुंदवाडला जागृत देवी आहे एवढंच तिला ठाऊक होतं. मी रांगेत उभी होते आणि पुढं बघते तर पाटावर तू. केस मोकळे, कपाळभर मळवट. अव्वानं तुला कधी बघितलेलं नव्हतं, तिला काही कळलं नाही. मला तुला हाक मारायची होती. पण माझी पाळी आली तेव्हा माझे हात आपोआप जोडले गेले. तू माझ्याकडं बघितलंस आणि ओळख दाखवली नाहीस. मला वाटलं, खरंच काहीतरी आलंय हिच्या अंगात. घाबरून मी घरी आले, आणि नंतर तुझं पत्र आल्यावर काही माहीत नसल्यासारखं 'सासूबाईंच्या अंगात येतं का' असं लिहिलं. तू स्वतःहून सांगतेस का ते बघत होते. आणि तोवर गेमच्या युक्त्या लिहीत बसले.

अंबूबाईला थांबवून ठेवू नकोस. गाठ मुदतीनं मिटत नसते. माझी युक्ती खेळातली होती. खेळातली माणसं मेली तर नवीन येतात गं.

देव सुटतो का, विचारलंस. मी ह्या आठवड्यात मुद्दाम हरायला बसले. खोटी भविष्यं सांगितली, सगळ्यांना नाही म्हटलं. श्रद्धेचा घडा रिकामा झाला की लोक देवाला सोडून जातात आणि देव मोकळा होतो. तू चुकत का नाहीस? दोनचार वेळा ठरवून चूक.

पुढच्या रविवारी शिवशरण गाडी घेऊन येईल. मैत्रिणीच्या घरचं कार्य आहे, असं सांगेल. तयार राहा.

सौंदर्या


कुरुंदवाड,
२९ फेब्रुवारी २०२४

प्रिय सौंदा,

मी तुला ओळखलं होतं. तुझ्या निळ्या ओढणीवरूनच, दारात आलीस तेव्हाच. ओळख दाखवली असती तर सासूबाईंना कळलं असतं की तू माझी कोण आहेस, आणि मग तू मला राहिलीच नसतीस. म्हणून मी तुझ्या डोक्यावर हात ठेवला आणि पुढं सरकायला सांगितलं. तू घाबरलीस ते मला तेव्हाही दिसलं होतं. त्याबद्दल मनात काही ठेवू नको.

शिवशरणदादा आले होते, त्यांनी सांगितलं असेल. सासूबाईंनी त्यांना बसवलं, चहा दिला, प्रसाद दिला, दुकानाची चौकशी केली. म्हणाल्या, 'पावणं, सव्वा वर्ष झालं की देवी सवता तुमच्या दुकानाला पाय लावील.' दादा नमस्कार करून गेले. मी आतल्या खोलीतून ऐकत होते.

ठरवून चुकायचं, तेही केलं. एका बाईच्या हरवलेल्या पाटल्या माळ्यावर आहेत म्हणून सांगितलं. नव्हत्या. पुढच्या शुक्रवारी ती बाई नारळाचं पोतं घेऊन आली. आपलंच काहीतरी चुकलं म्हणून देवीनं हुलकावणी दिली, असं तिचं म्हणणं. एकाला त्याचा प्रश्न ऐकून न घेताच 'चालता हो' म्हटलं. तो रडत बाहेर गेला आणि सगळ्यांना सांगत सुटला की आईनं माझं पाप वळखलं. गेममध्ये चूक केली की घडा उतरतो. इथं तो दोन्ही बाजूंनी भरतो.

आणि अंबूबाई. तिच्या पाचव्या शुक्रवारी मी मोठ्यानं म्हणाले, 'दवाखान्यात जा.' स्पष्ट म्हणाले, सगळ्यांनी ऐकलं. सासूबाई तिच्याकडं वळून म्हणाल्या, 'देवी म्हणती, माझा दरबारच तुझा दवाखाना. अजून पाच येळा ये.' मी परत तेच म्हणाले, तर हलगीवाल्याला खूण झाली आणि माझा आवाज त्यात बुडून गेला.

मध्ये आबा आले होते हातकणंगल्याहून. मी त्यांच्याशी बोलायला उठले, तेवढ्यात त्यांनी खाली वाकून माझ्या पायावर डोकं ठेवलं. माझ्या बापानं. मग कुणाला काय सांगायचं, सौंदा?

अंबूबाईची काख आता दुखते. शेवयाचं यंत्र फिरवता येत नाही म्हणाली.

स्वप्नाली


जयसिंगपूर,
१२ मार्च २०२४

स्वप्ने,

गेम फोनमधून काढून टाकला. आता माझ्याकडं एकही युक्ती नाही.

इथल्या एका डॉक्टरबाईंना भेटून आले. नाव-गाव न सांगता सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, एक दिवससुद्धा घालवू नका, लगेच आणा, मिरजेला पाठवायचं असेल तर मी चिठ्ठी देते.

मी पोलिसांत जाऊ का? शिवशरण म्हणतो, तू स्वतः 'मला कोंडलंय' म्हणून सांगितलंस तर होईल. पण अंगणात शंभर माणसं तुझ्या पाया पडत असताना ते तुझं ऐकतील का, मला माहीत नाही. तू म्हणशील तर जाईन. नुसतं 'हो' लिहून पाठव.

तोवर, ह्या शुक्रवारी आणि पुढच्या प्रत्येक शुक्रवारी मी स्टँडवर थांबणार आहे. कुरुंदवाडची प्रत्येक गाडी बघणार आहे. अव्वाला सांगितलंय, ती दुकान बघते.

सौंदर्या


हातकणंगले,
६ एप्रिल २०२४

प्रिय सौंदा,

तू दिलेला फोन समोर आहे, तरी लिहितेय. त्या शुक्रवारी स्टँडवर तू मला धरून विचारत होतीस, 'कशी सुटलीस?' आणि मी तुला आधी अंबूबाईकडं बघ म्हणत होते. नंतर दवाखान्याच्या धावपळीत राहूनच गेलं.

तुझं पत्र बायडाबाईंनी बांगड्या भरता भरता माझ्या मुठीत दिलं. मी ते न्हाणीघरात वाचलं आणि तशीच पाटावर जाऊन बसले. पोलिसांना बोलवायचं की नाही, हा विचार करत होते. तेवढ्यात अंबूबाई पुढं आली. तिला हात वर करता येत नव्हता, म्हणून तिनं एकाच हातानं नमस्कार केला.

मी उठले. घुमले नाही, केस झटकले नाहीत. नेहमीच्या आवाजात बोलले, 'मी स्वप्नाली हाय. हातकणंगल्याच्या बाळासोंची पोरगी. माझ्या अंगात कोण येत न्हाय. कधीच आलं न्हाय.'

हलगी थांबली. मला वाटलं, आता आरडाओरडा होईल, कुणीतरी मारेल. मारलं असतं तरी चाललं असतं. पण मागून एक म्हातारं माणूस म्हणालं, 'आई परीक्षा बघाय लागलीया,' आणि सगळं अंगण खाली वाकलं. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याही वाकल्या.

सौंदा, तेव्हा मला जेवढी भीती वाटली, तेवढी आजवर कधी वाटली नाही. खरं बोलून झालं होतं. आता उरलं काय?

मी अंबूबाईचा हात धरला आणि चालायला लागले. लोक बाजूला झाले. दारात धैर्यशील होता. त्यानं चौकटीला हात आडवा लावला. हळू म्हणाला, 'स्वप्ना, आत चल.' मी नुसती उभी राहिले. त्यानं माझ्या मागं बघितलं, वाकलेल्या माणसांकडं. मग हात काढला आणि खाली बसून माझ्या पायाला लावला. खरं काय ते त्याला माहीत होतं. त्या घरात त्याला एकट्यालाच ते पक्कं माहीत होतं.

लोक स्टँडपर्यंत मागं आले. कुणी रस्त्यावर पाणी शिंपडत होतं, कुणी कुंकू उधळत होतं. कुणी अडवलं नाही. देवीला कोण अडवणार? गाडीत बसल्यावर अंबूबाई मला म्हणाली, 'आई, तुला गाडी लागती का? खिडकीपाशी बस.'

पुढचं तुला माहीत आहे. एक सोडून. ऑपरेशनला आत नेताना तू औषधं आणायला गेली होतीस. ती मला म्हणाली, 'डोक्यावर हात ठेव.' मी म्हणाले, 'अंबूमावशी, मी देवी न्हाय.' ती म्हणाली, 'आसू दे. ठेव.' मी ठेवला. मला दुसरं काही करता आलं नसतं. डॉक्टर बाहेर आल्यावर म्हणाले, निभावेल, पण थोडं आधी आणलं असतं तर. ते वाक्य मी रोज पुरं करते. ती काल फोनवर म्हणाली की शेवया करायला लागायचं म्हणते. मी रागावले तिला.

इथं आले तेव्हा आबा दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते, माझ्या पायावर घालायला. आईनं तो त्यांच्या हातातून घेतला आणि मला म्हणाली, 'काय झालंय गं तुझ्या अंगाचं, काठी झालीयास. आन् सांगितलं न्हाईस का? मी काय मेलते?' ती संध्याकाळपर्यंत मला बोलत होती. मी जेवत होते आणि ऐकत होते. किती दिवसांत मला कुणी रागानं बोललं नव्हतं.

आबांना अजून जमत नाही. माझ्याशी बोलताना चप्पल काढतात.

काल शुक्रवार होता. कुरुंदवाडहून दोन जीपगाड्या आल्या. नारळ, हार, सगळं घेऊन. धैर्यशील होता, सासूबाई नव्हत्या. त्यांनी जेवण सोडलंय म्हणे. मी आईला म्हणाले, आत जाऊन बसते. आई म्हणाली, 'कशाला? आयुष्यभर आत बसणार हाईस का? वाकळा धुवायच्या ऱ्हायल्यात.' आणि बाहेर जाऊन त्यांना सांगून आली, 'ती धुणं धुतीया. थांबायचं आसलं तर थांबा.'

मग मी परड्यात दगडावर त्या जुन्या लुगड्यांच्या वाकळा आपटत होते, आणि कुंपणापलीकडं उन्हात माणसं हात जोडून उभी. एकानं विचारलं, 'आई, ह्येचा अर्थ काय?' सगळ्यांत जड वाकळ मी पुन्हा पुन्हा धूत राहिले. दुपार चढली तशी काही जण सावलीला गेले, काही जीपमध्ये जाऊन बसले. एक जीप निघून गेली. दुसरी थांबली. धैर्यशील पलीकडं रस्त्याच्या मोरीच्या कठड्यावर बसून होता. तो काय म्हणायला आलाय ते मी विचारलं नाही. पुढच्या शुक्रवारी ते परत येतील, हे मला दिसतंय.

शेवटी ती वाकळ पिळायची होती आणि आई आत गेली होती. मी एक टोक धरून ओढत बसले. तेवढ्यात कुंपणाची काठी सरकवून एक बाई आत आली. वयस्क होती. दरबारात मी तिला बघितलेलं आठवत नाही. तिनं नारळ खाली ठेवला, पदर खोचला आणि वाकळेचं दुसरं टोक धरलं. ती एका बाजूला पिळायला लागली, मी दुसऱ्या.

'नाव काय गं तुझं, पोरी?' तिनं विचारलं.

'स्वप्नाली.'

'जरा जोर लाव की, स्वप्नाली,' ती म्हणाली. 'लई पाणी हाय हिच्यात.'

तुझी,
स्वप्नाली